नवा पंप, तोच लाल दिवा

ती प्रीमियर पद्मिनी आमच्या गॅरेजला आली तेव्हा तिचं इंजिनकाम होऊन महिनाही झाला नव्हता. काम दुसरीकडे केलेलं. बोअर करून पिस्टन-रिंग नव्या, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंड केलेला, त्याची मेन आणि कनेक्टिंग रॉडकडची बिगएंड बेअरिंग नवी. गाडीच्या मालक काकांनी बिल जपून आणलं होतं. तक्रार एकच होती. गिरगावातून निघाल्यावर भायखळ्यापर्यंत सगळं ठीक. पुढे लालबागच्या सिग्नलला गाडी थांबली की ऑइलचा दाब कमी असल्याचा लाल दिवा मिचमिचायला लागायचा आणि रेस दिली की विझायचा.

आधीच्या गॅरेजने ऑइल पंप बदलला, तरी दिवा तसाच. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकला, तरी तसाच. शेवटी "जाड ऑइल टाका, जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून काकांना घरी पाठवलं. असल्या उत्तराचा मला मनापासून राग येतो. एवढे पैसे घेऊन इंजिन नवं केल्यावर जुन्या गाडीचं कारण कसं चालेल?

दिव्यावर मी विसंबत नाही, कधी कधी नुसता त्या दिव्याचा स्विच खराब असतो. म्हणून स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज जोडला. थंड इंजिनला (दर चौरस इंचाला) पन्नास पौंड दिसले. मग काकांना शेजारी बसवून भर ट्रॅफिकमध्ये चक्कर मारली. इंजिन तापलं आणि आयडलिंगला काटा सहा पौंडांवर येऊन बसला. तीन हजार आरपीएमला कसेबसे चोवीस. हजार आरपीएममागे दहा पौंड हवेत हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब. म्हणजे दिवा खरं सांगत होता.

पण काटा थरथरत नव्हता, आणि ही खूण फार मोलाची. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतल्या, जाळीच्या पाइपाचं पॅकिंग हवा ओढत असेल तर काटा नाचतो, ऑइलला फेस येतो. इथे दाब सावकाश, तापमानाबरोबर उतरत होता. ऑइल पातळ झाल्यावर कुठल्यातरी फटीतून निसटत होतं.

"पंप नवा घातलाय ना, मग दाब का नाही?" काकांनी विचारलं.

"काका, पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो ऑइलला वाट अरुंद मिळाल्यामुळे. चाळीत तळमजल्याचे सगळे नळ उघडे राहिले तर तिसऱ्या माळ्यावर पाणी चढतं का? मोटर नवी बसवून काय होणार?"

बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. ती दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि रिलीफ व्हॉल्व्ह फक्त जास्तीचा दाब सोडतो. आयडलिंगला तो बंदच असतो, मग त्याच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून तिथला दाब वाढेल कसा?

दुसऱ्या दिवशी चेनब्लॉकने इंजिन थोडं उचलून चेंबर उतरवलं. पंप काढून त्याच्या भोकावर पट्टी मारली. औषध फवारायच्या टाकीत ऑइल भरलं, कॉम्प्रेसरची हवा तीस पौंडांवर ठेवली आणि नळी स्विचच्या भोकात जोडली. मग टॉर्च घेऊन मी गाडीखाली गेलो. काका पँट सावरत शेजारी उकिडवे बसले. इंजिन बंद असताना आतली गळती अशी डोळ्यांनी बघता येते, म्हणून ही चाचणी मला सगळ्यात खात्रीची वाटते.

तिन्ही मेन बेअरिंगमधून थेंब पडत होते, एकामागून एक, जसे पडायला हवेत तसे. बिगएंडलाही थेंबच. एका ठिकाणी थोडं जास्त वाहिलं, पण क्रँक हाताने फिरवल्यावर थांबलं. भोकासमोर भोक आलं की तसं होतं, तो दोष नव्हे. आणि वर, मधल्या कॅम बुशातून (व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट ज्या कड्यांत फिरतो त्यातल्या एका) चक्क धार लागली होती. मागच्या बुशातूनही, थोडी बारीक. "अरे, हे तर बिलात कुठेच नाही," काका म्हणाले.

नसणारच. कॅमशाफ्टचे बुश ब्लॉकमध्ये दाबून बसवावे लागतात, ऑइलची भोकं जुळवावी लागतात, मग एका रेषेत रीमर मारून ते मापात आणावे लागतात. किचकट काम, म्हणून पुष्कळ जण ते टाळतात. या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झाली, तीच पुढे पद्मिनी. टॅक्सीवाल्यांच्या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री आणि लेथवाले इथे गल्लोगल्ली होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि त्यांचं कामही गेलं. हे ज्ञान असं विरून जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

इंजिन उतरवलं. कॅमचे जर्नल, म्हणजे बुशात फिरणारे भाग, मापात होते, म्हणून फक्त बुश बदलले. ओळखीच्या लेथवाल्या मामांनी रीमर मारून दिला.

काकांनी मूळचा पंप पेपरात गुंडाळून डिकीत ठेवला होता. पट्टी ठेवून फट मोजायचा फिलर गेज घातला, तर नव्या पंपापेक्षा त्याच्याच गिअरची फट कमी निघाली. तोच परत बसवला, आत पेट्रोलियम जेली भरून. कोरडे गिअर ऑइल ओढत नाहीत आणि नव्या बेअरिंगांचं तेवढ्यातही नुकसान होतं. स्पार्क प्लग काढून सेल्फ मारला. काटा उठला, मगच प्लग लावून इंजिन चालू केलं.

लालबागच्या त्याच सिग्नलला, तापलेल्या इंजिनाचा दाब आयडलिंगला अठरा पौंड. तीन हजारला बेचाळीस.

गेज तिथेच राहू द्या, असं काकांनी सांगितलं. डॅशबोर्डखाली क्लॅम्प करून दिला. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला बदलायचं, आणि ते फेकायच्या आधी फडक्यातून गाळून त्यात धातूची चमक दिसते का बघायचं, हे सांगितलं. बिलामागे बुश आणि जर्नलची मापं लिहून दिली. पुढे कुणीही हे इंजिन उघडलं तरी त्याला कळेल की कॅमचं काम झालेलं आहे.