काल आमच्या हॉटेलात गाणं झालं

मिरजेतलं आमचं छोटंसं हॉटेल. काल, गुरुवारी, तिथे पहिल्यांदा गाणं झालं. माइक नाही, स्पीकर नाही. दोन टेबलं सरकवून सतरंजी टाकली, एवढंच. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. इथल्या तंबोऱ्या-सतारींना २०२४ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आणि आमच्याकडे जेवताना टीव्ही चालायचा! फार दिवस सलत होतं ते.

गाणारी मुलगी विशीतली. तंबोरा लावताना तिने, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवरचा, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला आणि तार एकदम बोलायला लागली. कोपऱ्यातल्या टेबलावरचे काका हातातला घास तसाच धरून बसले. मी आत जाऊन मिक्सर बंद करायला लावला. ऑर्डरी खोळंबल्या, पण कुणी कुरकुरलं नाही. यमन राग सुरू झाला तशा भांडी घासणाऱ्या मावशी ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या, त्या शेवटपर्यंत.

बिदागी पाकिटातच दिली. कलाकाराची जेवणावर बोळवण करणं मला पटत नाही. जेवण तर होतंच: भाकरी, पिठलं, ठेचा.

पुढच्या गुरुवारी सतार आहे, साडेसातला. नक्की या.