फेस उघडा, सही बाकी

कच्च्या डोंगरात बोगदा रखडला की सगळे मशिनरीला दोष देतात. माझा अनुभव वेगळा आहे. ड्रिलिंग, ब्लास्ट, धूर काढणं, मकिंग (फुटलेला दगड बाहेर काढणं) हे हात बसला की सुरळीत चालतं. अडतं ते रॉक क्लासच्या, म्हणजे खडक किती पक्का हे सांगणाऱ्या वर्गाच्या, सहीपाशी.

स्केलिंग (सैल दगड पाडणं) झालं की फेसचं, म्हणजे खोदकामाच्या पुढच्या उघड्या भिंतीचं, मॅपिंग करून क्लास ठरतो. त्यावर आधाराच्या गर्डरचं अंतर, खडकात बसवायच्या बोल्टची लांबी, शॉटक्रीटची (फवारलेल्या काँक्रीटची) जाडी ठरते आणि बिलाचा दरही. म्हणून ठेकेदाराचा जिऑलॉजिस्ट चौथा (कमजोर खडकाचा, जड सपोर्टचा) क्लास म्हणतो, सल्लागाराचा तिसरा. आरएमआर (खडकाचे एकूण गुण) ४० की ४१, म्हणजे या दोन क्लासच्या सीमेवर, फोनाफोनी चालते आणि फेस तसाच उघडा. फिलाइटमध्ये (पापुद्र्यांच्या कच्च्या खडकात), शिअर झोनमध्ये (चुरडलेल्या पट्ट्यात) खडक आधाराशिवाय काही तासच तग धरतो. पाणी असेल तर तेवढाही नाही. क्राउनमधून (छतातून) ढेकळं गळू लागतात, पोकळी वाढते. मग ती भरण्यात पुढच्या राउंडचा (ड्रिल-ब्लास्टच्या फेरीचा) वेळ जातो. ओव्हरब्रेकचे (ठरल्यापेक्षा जास्त फुटलेल्या खडकाचे) पैसे बहुतेक करारांत पे-लाइनपलीकडे (बिलासाठी धरलेल्या हद्दीपलीकडे) मिळत नाहीत, तरी हुज्जत थांबत नाही!

यावर उपाय एकच: वाद फेसवर आणायचाच नाही. २०-३० मीटर पुढे प्रोब होल (तपासणीचं भोक) मारून ब्लास्टच्या आधीच तात्पुरता क्लास ठरवायचा. दर शिफ्टला सहीचा अधिकार असलेला माणूस साइटवर हवा. मॅपिंगच्या वेळी ‘क्लास कुठला’ यावर बोलायचं नाही, एकेका निकषाचे गुण लिहायचे. भांडण बहुधा खडकातल्या सांध्यांची (भेगांची) अवस्था आणि पाणी या दोनच रकान्यांत असतं. गुण सीमेवर असतील तर जड सपोर्ट लावून मोकळं व्हायचं, दराचं ऑफिसात बघता येतं. फेसचे फोटो घेतले की लगेच ५० मिमी सीलिंग (फेस झाकणारं) शॉटक्रीट मारायचं, सहीची वाट न बघता. त्यासाठी दोन्ही क्लासचं सामान आधीच पोर्टलपाशी (बोगद्याच्या तोंडाशी) हवं.

पाइप रूफचं, म्हणजे छताच्या कडेने पुढच्या खडकात घातलेल्या पाइपांच्या छत्रीचं, राहिलंच. १२ मीटरचे पाइप असतील तर ३-४ मीटर ओव्हरलॅप धरून दर ८-९ मीटरला नवा संच येतो. त्याआधी प्रोफाइल (खोदकामाचा आकार) रुंदावलं नाही तर पाइप गर्डरच्या जागेत घुसतात आणि कापत बसावं लागतं.

अ‍ॅक्सिलरेटरचा (शॉटक्रीट लवकर धरवणाऱ्या रसायनाचा) डोस सिमेंट बदललं की पुन्हा तपासा. जास्त टाकला तर शॉटक्रीट पटकन धरतं, पण २८ दिवसांची ताकद घटते. आणि कन्व्हर्जन्सचे (बोगद्याच्या भिंती किती आत सरकतात ते मोजायचे) टार्गेट पुढच्या ब्लास्टआधी बसवा. नाहीतर सुरुवातीची हालचाल नोंदीत येतच नाही, आणि बोगदा स्थिर आहे असं कागद खोटंच सांगतो.