जुना संगणक, लिनक्स आणि छापखान्यातल्या फायली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार (म्हणजे नियमित अद्यतने देणे) काढून घेतला. त्याच्या आगेमागे ओळखीच्या अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला: यंत्र ठणठणीत आहे, पण त्यावर विंडोज ११ चढत नाही, तर ते आता भंगारात द्यायचे का? विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग यंत्रात लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रे, कितीही नीट चालत असली तरी, त्या यादीत बसत नाहीत. माझे घरचे आणि कामाचे सगळे लिनक्स या विनामूल्य कार्यप्रणालीवरच चालत असल्याने माझे उत्तर ठरलेले असते: तिचे सोपे रूप असलेले लिनक्स मिंट टाकून पाहा. बरेच जण पाहतातही. त्यांच्यातले काही जण टिकतात आणि काही जण थोड्याच दिवसांत परत फिरतात. परत फिरणारे का फिरतात, याचा विचार मी बराच काळ करत आहे, आणि ‘लिनक्स अवघड आहे’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही.

ते अवघड राहिलेले नाही, हे आधी सांगून टाकतो. पेनड्राइव्हवरून मिंट चढवायला आता अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस बरोबरच येतात, आणि खालची पट्टी, कोपऱ्यातला मेन्यू हे सगळे विंडोजच्या सवयीच्या हाताला ओळखीचे वाटते. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षिका त्यावर बँकेचे व्यवहार, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप वेब बिनघोर वापरतात, आणि आपण कोणती कार्यप्रणाली वापरतो हे त्यांना सांगताही येणार नाही. ज्यांचे सगळे काम ब्राउझरमध्ये होते, त्यांच्याकडून मला नंतर फोन येत नाहीत. फोन येतात ते संगणकावर पोट असलेल्या, आणि त्यातही मराठीत काम करणाऱ्या माणसांचे.

आमच्या भागातल्या एका छापखान्याचे उदाहरण घेतो, कारण या प्रश्नाचे जवळजवळ सगळे पदर तिथे एकत्र दिसतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची हस्तलिखिते अशी तिथली कामे. मालकांना लिनक्सबद्दल कसलाही आकस नव्हता, उलट परवान्याचा खर्च वाचतो म्हणून त्यांना उत्सुकताच होती. त्यांची अट मात्र एकच होती: “अहो, मागच्या वर्षीचा पतसंस्थेचा अहवाल यात उघडून दाखवा, मग बोलू.” अट रास्त होती, कारण असा अहवाल दर वर्षी नव्याने जुळवला जात नाही. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, ताळेबंदातले आकडे बदलायचे, संचालकांपैकी कोणी बदलले असतील तर त्यांची नावे व फोटो बदलायचे आणि छपाईला पाठवायचे, ही रीत आहे.

ती फाइल पेजमेकर या पाने लावण्याच्या प्रोग्राममधली होती. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि ॲडोबीने पुढे त्याचा विकास थांबवला, तरी मराठी छापखान्यांत ते अजून चालते, आणि त्याला कारण आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची एकच संगणकीय संकेतप्रणाली, रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकचे आयएसएम यांच्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे, म्हणजे काना, अर्धी अक्षरे, वेलांट्या, रफार, हे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत. त्यामुळे संगणकाच्या लेखी ती फाइल मराठी नसतेच. तिच्यात रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि महिरपी कंस एकापुढे एक मांडलेले असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट लावला की त्यातून ‘सभासद बंधू-भगिनींनो’ उमटते. नुसता फॉन्ट लिनक्सवर नेला तर अनेकदा मजकूर दिसतो. पण त्यात दुरुस्ती करायची म्हटली की कळफलकाच्या दाबांचे त्या तुकड्यांत रूपांतर करणारा वेगळा प्रोग्राम लागतो. तो विंडोजसाठी लिहिलेला असतो आणि बऱ्याचदा यूएसबीला लावायच्या कुलपाशिवाय चालूच होत नाही. वाइन या साधनाच्या साहाय्याने विंडोजचे जुने प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात हे खरे, परंतु पेजमेकर, कळफलकाचा प्रोग्राम आणि यूएसबीचे कुलूप या तिघांना एकदम वाइनमध्ये नांदवण्याच्या खटाटोपावर कुठल्याही छापखान्याने आपली लगीनसराई सोपवू नये.

मग रूपांतर करून घ्यावे, असे कोणीही सुचवील. रूपांतराची साधने आहेत आणि ती बऱ्यापैकी चालतातही. अडचण अशी की जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर, तर युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलटा असतो. साधे शब्द नीट बदलतात, परंतु जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकदम आले की, ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘निर्मिती’ अशा ठिकाणी, साधन मधूनच चुकते. पतसंस्थेच्या अहवालात ‘आर्थिक’ किती वेळा येतो, याचा अंदाज कोणालाही करता येईल. म्हणजे प्रत्येक अहवालाचे मुद्रितशोधन पुन्हा करायचे, आणि तेही मांडणी गमावल्यानंतर, कारण रूपांतरासाठी मजकूर पेजमेकरच्या चौकटीतून बाहेर काढावा लागतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, जगात पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे. पण त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय २०१७ च्या सुमारास विकासाधीन आवृत्तीत आली आणि स्थिर आवृत्तीत पोचली ती २०२४ च्या जानेवारीत, १.६ बरोबर. तोपर्यंत मराठी छापखान्याला ‘हे घ्या आणि वापरा’ असे म्हणण्याची सोयच नव्हती, ही गोष्ट मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा मिरवणाऱ्या आम्हा मंडळींनी मान्य केली पाहिजे.

युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांची वाट यापेक्षा बरीच सोपी आहे, पण तिथेही ठेचा आहेत. विंडोजवर टंकलेला मराठी दस्तऐवज बहुधा मंगल, कोकिळा किंवा निर्मला यूआय या फॉन्टांत असतो. हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली असल्याने लिनक्सबरोबर वाटता येत नाहीत, आणि त्यांच्या जागी लोहित किंवा तत्सम फॉन्ट येतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, आणि एका पानात बसवलेले प्रतिज्ञापत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते. मजकूर स्टॅम्पपेपरवरच्या ठरावीक कोऱ्या जागेत छापायचा असेल, तर त्या दोन ओळी म्हणजे वाया गेलेला कागद. इंग्रजीसाठी ही अडचण बऱ्याच अंशी सुटली आहे, कारण कॅलिब्रीच्या जागी त्याच रुंदीचा कार्लिटो हा मुक्त फॉन्ट तयार आहे. मंगलशी अक्षरागणिक रुंदी जुळणारा मुक्त फॉन्ट मात्र माझ्या पाहण्यात नाही. देवनागरीत मुक्त परवान्याचे सुंदर फॉन्ट आज भरपूर आहेत, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, पण ‘दुसऱ्याची फाइल जशीच्या तशी दिसली पाहिजे’ या निकडीवर सुंदर फॉन्टचा उपाय चालत नाही.

टंकनाची अडचण मी यात मोजत नाही. आयबस आणि एम१७एन या टंकनाच्या साधनांमार्फत इनस्क्रिप्टसह अनेक मराठी कळफलक-मांडण्या लिनक्सवर मिळतात, आणि एकदा कोणी बसवून दिल्या की काम होते. खरी गोम आहे ती ‘कोणी बसवून दिल्या की’ या अटीत.

प्रिंटरचेही असेच. आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांतले स्वस्त लेझर प्रिंटर स्वतः फारसे काही करत नाहीत. पानाचे ठिपक्यांत रूपांतर संगणकच करतो आणि कंपनीच्या खासगी भाषेत प्रिंटरला कळवतो. ती भाषा जाहीर नसेल तर कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरवाचून, म्हणजे यंत्राशी बोलणाऱ्या प्रोग्रामवाचून, गत्यंतर नसते, आणि लिनक्ससाठीचा ड्रायव्हर दिलाच तर तो पुढे अद्ययावत केला जाईल याची हमी नसते. वायफाय कार्डासारख्या भागांचे ड्रायव्हर तर थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चालतात, आणि तिथे दोष एकट्या कंपनीचा नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये बाहेरच्या ड्रायव्हरसाठी कायमस्वरूपी स्थिर जोडणी ठेवायची नाही, हे धोरण जाणूनबुजून स्वीकारलेले आहे. ड्रायव्हर मुक्त करा, कर्नलमध्ये द्या, आम्ही तो सांभाळू, असा त्यामागचा विचार आहे. जे असे देतात त्यांची यंत्रे वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात. जे देत नाहीत त्यांचे ग्राहक मधल्या मध्ये भरडले जातात, आणि ग्राहकाने यंत्र घेताना यातले काहीच पाहिलेले नसते.

कर सल्लागार, कंत्राटदार आणि ग्रामपंचायतींचे काम पाहणारी मंडळी यांच्यापुढे आणखी एक दार बंद असते, ते डिजिटल सही साठवणाऱ्या यूएसबी टोकनचे. टोकन बनवणाऱ्या काही कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देतात. परंतु टोकन, ब्राउझर, सही करणारे मधले सॉफ्टवेअर आणि सरकारी पोर्टल या साखळीतली एक कडी जरी विंडोज गृहीत धरून बनलेली असली तरी निविदेची मुदत संध्याकाळी पाचला संपते आणि माणूस हात चोळत बसतो. आयकर विवरणपत्राची एक्सेलमधली युटिलिटीही मॅक्रोंवर, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, चालते आणि लिब्रेऑफिसमध्ये तिचा उपयोग होत नाही. पोर्टलवर थेट विवरण भरता येते म्हणून पगारदाराचे भागते, पण ढीगभर अशिलांची विवरणे करणाऱ्याचे भागत नाही.

आता पैशाबद्दल. मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते हा त्याच्या प्रचारातला हुकमी मुद्दा आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत निकामी ठरतो. लॅपटॉप ‘डॉस’वाला, म्हणजे विंडोजविना, घ्यायचा आणि त्याच दिवशी दुकानदाराकडून चोरीचे विंडोज, चोरीचे ऑफिस, फोटोशॉप आणि कोरलड्रॉ असा सगळा संच टाकून घ्यायचा, हे इतकी वर्षे इतके सर्रास चालत आले की गिऱ्हाइकाला त्यात गैर वाटेनासे झाले. लिनक्सची स्पर्धा इथे विकत घेतलेल्या विंडोजशी नसून या संचाशी आहे, आणि त्या संचाबरोबर दुकानदार स्वतःही येतो. काही बिघडले की तो अर्ध्या तासात गाडीवरून येऊन ‘फॉरमॅट मारून’ देतो. लिनक्स टाकलेल्या माणसाकडे असा कोणीच नसतो. त्याच्या पडद्यावर वायफायचा ड्रायव्हर बसवल्यानंतर, सिक्युअर बूट या यंत्र सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीमुळे, पुढच्या वेळी एक निळा पडदा येतो, त्यावर ‘मॉक मॅनेजमेंट’ असे काहीतरी इंग्रजीत लिहिलेले असते आणि दहापासून उलटी मोजणी चालू असते. ते काय आहे हे सांगणारा माणूस जवळ नसेल तर यंत्र बिघडले असेच कोणीही समजेल. दुकानात नेले तर दुकानदार काय टाकून देईल, हे वेगळे सांगायला नको.

त्यातच महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकाची ओळख करून दिली, आणि ती ओळख विंडोज आणि एमएस ऑफिसमधून झाली. अभ्यासक्रमाने मोठे काम केले यात शंका नाही. पण शासकीय नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र ज्या प्रणालीवर मिळते, तीच प्रणाली म्हणजे संगणक, असे शिकणाऱ्याच्या मनात बसते. केरळने याच सुमारास वेगळी वाट धरली. तिथल्या शाळांच्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने, जो २०१७ पासून काइट नावाच्या कंपनीच्या रूपात चालतो, लिनक्सवर आधारित स्वतःची प्रणाली तयार केली, पाठ्यपुस्तके त्यावरच लिहिली, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना ती चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे प्रशिक्षण दिले. मला केरळचे कौतुक वाटते ते या शेवटच्या गोष्टीसाठी. प्रणाली कोणीही उतरवून घेऊ शकतो. शाळेतले यंत्र बंद पडल्यावर ते उघडून बसणारा माणूस त्याच शाळेत असणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

माणसे असूनही पुरत नाही, हे म्युनिकने दाखवले. तिथल्या नगरपालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला, तो फिरवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटून गेले, तरी काम पुढे गेले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार यंत्रे लिमक्स या त्यांच्या लिनक्सवर आधारित प्रणालीवर आली. २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. राजकारण त्यात होतेच, पण बाहेरच्या कार्यालयांशी होणारी फायलींची देवाणघेवाण आणि विंडोजवाचून न चालणारे विशिष्ट प्रोग्राम ही कुरकुर तिथेही शेवटपर्यंत होती. आमच्या पतसंस्थेच्या अहवालाचीच ती जर्मन भावंडे म्हणायची.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या वाट्याचा दोषही मांडायला हवा. लिनक्सवर पडदा, मेन्यू आणि खिडक्या पुरवणाऱ्या प्रकल्पांपैकी २००८ मध्ये केडीईने आणि २०११ मध्ये ग्नोमने आपापले रुपडे असे पालटले की जुन्या वापरकर्त्यांनाही घरातल्या वस्तू शोधाव्या लागल्या. नवख्याने साधा प्रश्न विचारला की त्याला आधी पाच वितरणांची, म्हणजे मिंटसारख्या लिनक्सच्या निरनिराळ्या रूपांची, नावे आणि नंतर टर्मिनलमध्ये टंकायच्या तीन ओळी मिळतात. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण समोरच्याला निवड करण्यात रस नसून अहवाल छापण्यात आहे, ही जाणीव त्या उत्तरात नसते.

छापखान्यात शेवटी आम्ही निम्मी वाट धरली. हिशेब, ईमेल आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या पीडीएफ पाहणे ही कामे मिंटवर गेली. जुळणीचे यंत्र विंडोज ७ वरच राहिले, त्याची इंटरनेटची तार काढून टाकली, आणि फायली पेनड्राइव्हवरून ये-जा करतात. नव्या गिऱ्हाइकाचे काम मात्र आता युनिकोडमध्येच घ्यायचे, असे मालकांनी स्वतःहून ठरवले आहे. यंदा एका शाळेचे हस्तलिखित स्क्रायबसमध्ये लावून पाहायचे आहे. तिथल्या जुळारी बाईंना त्यातली मजकुराची चौकट पेजमेकरइतकी पटकन हलवता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आहे, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे.