साध्या, बारीक पट्टीच्या फ्रेम : साताऱ्यातल्या घरात लावताना आलेला अनुभव

काम असं होतं : बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे ८ बाय १२ चे तीन फोटो, आणि घराच्या जुन्या, मातीच्या भागात माजघराकडे जाणाऱ्या बोळात चार लहान फोटो. पट्टी पाऊण इंच रुंद, काळी, नक्षी अजिबात नको. वरवर पाहता यात अवघड काही नाही. पण जाड सोनेरी चौकट कापण्यातली चूक, माउंटचा (फोटोभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या कडेचा) तिरकेपणा, भिंतीचा पोचा, सगळं पोटात घेते. बारीक पट्टी काहीच लपवत नाही. एक सूत इकडचं तिकडे झालं तरी दारातून दिसतं. म्हणून फ्रेमवाल्याकडे जाण्याआधीच सगळी मापं कागदावर लिहून काढली आणि ती आतून बाहेर अशी लिहिली : आधी फोटो, मग माउंट, मग काच, आणि शेवटी पट्टी.

फोटो जुने, ४ बाय ६ चे. मूळ प्रती फ्रेममध्ये घालायच्या नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्या ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केल्या की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात आणि ३०० डीपीआयने छापलं की बरोबर ८ बाय १२ इंच होतात. प्रमाण तेच, म्हणून कुणाचं डोकं किंवा पाय कापले जात नाहीत. ८ बाय १० ची फ्रेम तयार मिळते म्हणून घेतली, की लांबीतले दोन इंच जातात आणि गटाच्या फोटोत कडेला उभा असलेला माणूस त्यातच जातो. छपाई मॅट कागदावर केली, कारण समोर खिडकी आहे.

माउंटचं माप हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि पहिल्या खेपेला चूक इथेच झाली. फोटो ८ बाय १२ चा म्हणून माउंटमधली खिडकी, म्हणजे फोटो दिसण्यासाठी कापलेला चौकोन, तीही ८ बाय १२ ची कापून आली. फोटो धरायला कडच उरली नाही. एका बाजूला टेकवला की दुसऱ्या बाजूला पांढरी रेघ दिसायची. खिडकी चारही बाजूंनी एक अष्टमांश इंच, म्हणजे ३ मिमी लहान हवी. ७ पूर्णांक ३/४ बाय ११ पूर्णांक ३/४. काच आणि माउंट १२ बाय १६ धरले, तर दोन्ही बाजूंना २ पूर्णांक १/८ इंच उरतात. उंचीत वर २ आणि खाली २ पूर्णांक १/४ ठेवले. खालची कड पाव इंच जास्त ठेवली नाही, तर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. पट्टीच्या आतल्या बाजूची खाच, जिच्यात काच आणि माउंट बसतात, ती पाव इंच माउंट झाकते, हेही लक्षात ठेवायचं. दोन इंच दिसायला हवे असतील, तर सव्वादोन कापायला सांगायचे.

माउंट पांढराशुभ्र घेऊ नये. जुन्या फोटोतला पांढरा रंग पिवळट झालेला असतो आणि शुभ्र माउंटशेजारी फोटो मळका वाटतो. फिकट दुधी रंग बरोबर बसतो. बोर्ड ॲसिड-फ्रीच मागावा. साध्या बोर्डाच्या कापलेल्या तिरक्या कडेवर काही वर्षांनी तपकिरी रेघ उमटते आणि तिथूनच डाग फोटोवर सरकतो.

फोटो माउंटला फक्त वरच्या कडेने, कागदी टेपच्या दोन तुकड्यांनी लटकवायचा. चारही बाजूंनी चिकटवायचा नाही. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला पसरायला जागा मिळाली नाही की मधोमध लाट येते. सेलोटेप आणि डिंक वर्ज्य. फोटो थेट काचेला टेकवण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. दमट हवेत फोटोचा थर काचेला धरतो, आणि मग सोडवताना चेहराच काचेवर राहतो. माउंटमुळे मध्ये दीड मिमी हवा राहते. माउंटचं खरं काम ते आहे, शोभा नंतर. जुन्या घरांतून टिकल्या-जर लावलेली देवादिकांची छापील चित्रं असतात, त्यांना दीड मिमी पुरत नाही. तिथे दोन माउंट एकावर एक घ्यावेत.

आता पट्टी. दुकानात समोरची रुंदी बघून पट्टी निवडली जाते, पण बघायची असते ती खोली. आत बसणाऱ्या थरांची बेरीज अशी : काच २ मिमी, माउंट दीड, फोटोमागचा बोर्ड दीड, हार्डबोर्ड ३. एकूण ८ मिमी. खाच त्याहून उथळ असेल, तर हार्डबोर्ड मागून बाहेर डोकावतो आणि खिळे आडवे बसत नाहीत. शिवाय पट्टी समोरून पाऊण इंच आणि खोलीला एक इंच असली, की कोपऱ्याला गोंद लागायला जागा जास्त मिळते आणि व्ही-पिना (कोपरा मागून जोडणाऱ्या व्ही-आकाराच्या पिना) एकावर एक दोन बसतात. पाऊण बाय अर्धा इंचाच्या पट्टीत एकच पिन मावते. असे कोपरे पहिल्याच पावसाळ्यात उघडतात.

पट्टी किती लागेल हे घरीच काढता येतं. १२ बाय १६ ची काच, पाऊण इंच पट्टीतून पाव इंच खाच वजा केली की दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच वाढ, म्हणजे बाहेरचं माप १३ बाय १७. एका फ्रेमला ६० इंच. पट्टी साधारण साडेनऊ-दहा फुटांची येते. दहा फुटांत दोन फ्रेम होतील असं वाटतं, पण करवतीच्या प्रत्येक कापात दोन-तीन मिमी जातात आणि शेवटचा तुकडा तोकडा पडतो. तिन्ही फ्रेमचे तुकडे एकत्र मांडले की मात्र जमतं. पहिल्या पट्टीतून १७ चे चार आणि १३ चे तीन, दुसरीतून १७ चे दोन आणि १३ चे तीन. दोन पट्ट्यांत तीन फ्रेम. दोन्ही पट्ट्या एकाच गठ्ठ्यातल्या मागाव्यात, काळ्या रंगातही फरक असतो.

पट्टी लाकडी घेतली. सिंथेटिक पट्टीला वाळवी लागत नाही आणि ती फुगतही नाही. पण पाऊण इंच रुंदीत तिच्यात स्क्रू नीट धरत नाही, म्हणून लहान आकारापुरतीच ती चांगली. फ्रेम हातात आल्यावर आधी दोन्ही कर्ण मोजायचे. १३ बाय १७ ला ते २१.४ इंच येतात. दोन्हींत दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे, दुरुस्तीला परत द्यावी. काच खाचेच्या मापापेक्षा दीड-दोन मिमी लहान असावी, कारण लाकूड फुगतं, काच फुगत नाही.

दोन मिमी काचेचं वजन दर चौरस मीटरला ५ किलो. या मापाच्या काचेचं सहाशे ग्रॅमच्या वर भरतं आणि पूर्ण फ्रेम साधारण सव्वा ते दीड किलो होते. पाऊण इंच पट्टीला हे पेलतं. १६ बाय २० च्या पुढे गेलात, तर खालची पट्टी काचेच्या भाराने मधोमध वाकते. तिथे ॲक्रिलिक घ्यावं, वजन निम्म्याहून कमी होतं. ते ओरखडतं आणि धूळ ओढतं, हे मात्र पत्करावं लागतं.

मागे एका तारेवर टांगायची सवय बारीक पट्टीला मारक आहे. ताणलेली तार दोन्ही उभ्या पट्ट्यांना आत खेचते. तार जितकी घट्ट, तितकी ओढ जास्त. म्हणून उभ्या पट्ट्यांवर वरून अडीच इंचांवर एकेक डी-आकाराची कडी बसवली आणि भिंतीत दोन स्क्रू. कडीसाठी मागची सपाट जागा अर्धा इंचच असते. आधी दीड मिमीचं भोक पाडलं नाही तर लाकूड चिरतं, आणि स्क्रू अर्ध्या इंचाहून लांब नको.

भिंतीवरची मापं. सोफ्याची पाठ जमिनीपासून ३४ इंच. त्यावर ८ इंच मोकळे, कारण माणूस टेकून बसतो आणि डोक्याचं तेल काचेला लागतं. फ्रेमची खालची कड ४२ वर, वरची ५९ वर, त्यातून कडीचे अडीच वजा केले की स्क्रू साडेछप्पनवर. सोफा सहा फुटी. तीन फ्रेमचे ३९ आणि मधल्या दोन फटींचे अडीच-अडीच धरून ४४ इंच, दोन्हीकडे १४ उरतात. फट चार इंचांची केली की तीन फोटो एकमेकांशी बोलत नाहीत. मोकळ्या भिंतीवर, जिथे खाली काही नाही, तिथे फ्रेमचा मध्य ५७ ते ६० इंचांवर यावा. छताजवळ पुढे झुकवून लावायची जुनी पद्धत मोठ्या तसबिरींना शोभते. बारीक फ्रेम तिथे हरवून जाते.

रद्दीचे १३ बाय १७ चे कागद कापून मास्किंग टेपने भिंतीवर दोन दिवस ठेवले. दोन कड्यांचं अंतर भिंतीवर उतरवण्याची सोपी युक्ती अशी : फ्रेमच्या मागे दोन्ही कड्यांवरून टेपची पट्टी आडवी लावा, कड्यांच्या जागी खूण करा, टेप उचलून भिंतीवर समतल चिकटवा आणि खुणेवरच ड्रिल करा. विटांच्या भिंतीत ६ मिमीचं भोक, ६ मिमीची गिट्टी (स्क्रू धरणारा प्लॅस्टिकचा प्लग), दीड इंची स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावायचं नाही, वायर तिथूनच गेलेली असते.

जुन्या भागात हे काहीच चालत नाही. पांढऱ्या मातीच्या भिंतीत तीन इंची खिळाही महिन्याभरात हलायला लागतो आणि ड्रिल लावलं तर मूठभर माती खाली येते. तिथे भिंतीला हातच लावला नाही. बोळातल्या दोन लाकडी खांबांना दोन इंच रुंद सागाची पट्टी आडवी ठोकली आणि तिच्यावरून बारीक स्टीलच्या तारांनी फ्रेम सोडल्या, प्रत्येकीला दोन तारा, नाहीतर ती फिरते. जमीन उतरती असल्यामुळे माप जमिनीपासून घेतलं नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन दोन टोकांना एकाच पातळीवर खुणा केल्या.

साताऱ्याच्या पावसात खरा शत्रू ओल आहे. डोंगराच्या अंगाला आणि पश्चिमेकडे असलेल्या भिंती आधी तपासाव्यात. फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवून ठेवा. मागच्या बाजूला पाणी धरलं तर त्या भिंतीवर फ्रेम नको. कोरड्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून पाच मिमीची रबरी बटणं लावावीत, म्हणजे मागे हवा खेळते. जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचे तुकडेही चालतात. मागची फट कागदी टेपने बंद करायची, कसर तिथूनच शिरते. पण ही बांधणी फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांतच करावी. जुलैत बंद केलेल्या फ्रेममध्ये जुलैची हवा कोंडली जाते आणि काचेच्या आतून बुरशीचे ठिपके उठतात.

गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालायचा असेल, तर फ्रेमच्या वर एक वेगळा खिळा ठोकून हार त्याला अडकवावा. ताज्या फुलांचं पाणी वरच्या पट्टीवरून खाचेत उतरतं आणि माउंट ते शोषून घेतो. काच पुसतानाही तेच. पाणी काचेवर मारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. दसऱ्याच्या साफसफाईत सगळ्या फ्रेम एकदा उतरवाव्यात, कड्यांचे स्क्रू नखाने हलवून पाहावेत, मागची टेप सुटली असेल तिथे नवी लावावी आणि अर्धा दिवस पंख्याखाली ठेवून मगच परत टांगाव्यात.