भांड्यांवरची नावं वाचता वाचता घर बदललं

लातूरच्या गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर आमचं जुनं घर होतं. जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं सपाट माळवद, मधल्या खोलीत छताला उजेडापुरतं सवनं. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकायची, आणि पहिल्या मोठ्या पावसात दोन ठिकाणी ठिबकायचंच. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे गुडघे आणि भिंतीचा तडा दोन्ही वाढत चालले, तेव्हा औसा रोडला लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. पाडव्याला ठरलं, अक्षय्य तृतीयेला राहायला जायचं.

कागदपत्रांची मला धास्ती होती, ती फुकट गेली. गावातल्या गावात घर बदललं तर सिलिंडर-रेग्युलेटर परत द्यावं लागत नाही, कनेक्शन नव्या एजन्सीकडे वर्ग होतं. मतदार यादीत पत्ता बदलायला आता फॉर्म ८ भरायचा. गॅसचं मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर मात्र आधीच शोधून ठेवा, डिपॉझिटची रक्कम त्यावर लिहिलेली असते. आमचं देवळीतल्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात निघालं.

महिना गेला तो स्वयंपाकघरात. फ्लॅटचा ओटा तो केवढा, आणि इथं बळदात, फळीवर, माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी. ह्यांचं म्हणणं, वापरात नाहीत ती मोडीत देऊन टाकू. मलाही पटलं होतं. मोडीचा ढीग वेगळा करताना एक पितळी डबा हातात आला. बुडाशी बोट लागलं आणि खरखरीत काही जाणवलं. पुसून बघितलं तर बारीक टिंबांची अक्षरं: ‘मामाकडून सप्रेम भेट’, खाली लग्नाची तारीख. आत्याबाईंच्या लग्नाची, १९६८ सालची.

तो डबा मी ढिगातून उचलून बाजूला ठेवला. मग दुसरं भांडं उलटं करून बघितलं, मग तिसरं. संध्याकाळपर्यंत सगळा ढीग पुन्हा घरात आला होता आणि माझ्या हातात लेकाची जुनी वही होती.

नावं वाचायची एक युक्ती सांगते. भांडं घासू नका. वर्षानुवर्षं चिंचेनं घासून अक्षरं आधीच झिजलेली असतात. खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी अगदी आडवी धरायची, म्हणजे टिंबांची सावली पडते. तरी नाही लागलं तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवायची. कागदावर पांढरी अक्षरं उमटतात. पहिल्यांदा उमटली तेव्हा मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं!

हळूहळू डोळा बसला. आमच्या घरातली जुनी नावं हातानं ठोकलेली, टिंबांची, ओळ सरळ. नंतरची मशीनची, सलग रेघेची, थोडी थरथरती. लग्नाच्या भांड्यांवर ‘चि. सौ. कां.’, बारशाच्या वाटीवर ‘आजीकडून’, संक्रांतीच्या वाणाच्या स्टीलच्या वाट्यांवर नुसती आद्याक्षरं.

“काय वाचलालीस ग एवढं?” आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या. मी एकेक वाचून दाखवू लागले आणि त्या एकेकाचा माणूस सांगू लागल्या. कोण कुणाची, कुठल्या गावची, लग्नात का रुसली होती. दुपारची त्यांची झोप बंद झाली. तीन वाजले की त्याच म्हणायच्या, “आण तुझी वही.”

वहीत तारखा क्रमानं लावल्या तेव्हा मधे एक भोक दिसलं. १९७१ नंतर थेट १९७५. मला वाटलं त्या वर्षांत लग्नंच झाली नसतील. आत्याबाई म्हणाल्या, “लग्नं झाली की. भांडी नव्हती कुणाकडं द्यायला.” बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या सासऱ्यांनी दोन हंडे आणि मोठं घंगाळ विकलं होतं. खायला मिलोची लाल ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. दुष्काळाचं मी शाळेत वाचलं होतं, पण तो आमच्या फळीवर रिकाम्या जागेसारखा बसला होता हे तेव्हा कळलं.

एक तांब्या त्यांनी वाचूच दिला नाही. हातातून घेतला आणि पदरानं पुसत बसल्या. धाकट्या बहिणीनं दिलेला, १९९२ चा. ती किल्लारीजवळच्या गावात दिलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, आणि घरं आमच्यासारखीच, वर मातीचा भार असलेली. आमच्या भिंतीचा तडाही त्याच पहाटेचा. तो तांब्या खोक्यात गेला नाही. त्या स्वतः मांडीवर घेऊन नव्या घरी आल्या.

सगळ्यात मोठा शोध बंबाशेजारच्या तांब्याच्या बगुण्यावर लागला. बुडावरच्या ओरखड्यांना मी पंधरा वर्षं ओरखडेच समजत होते. बॅटरी धरली तर ती उर्दू अक्षरं! गल्लीत उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी राहतात. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा घालून वाचलं: आमच्या आजेसासऱ्यांचं नाव आणि ‘१३५२ फसली’. निजामाच्या राज्यात ते उर्दूतून शिकलेले, त्यामुळे स्वतःच्या नावासाठी त्यांना तीच अक्षरं हाताशी असणार. गुरुजींनी हिशोबही शिकवला. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवायचे. म्हणजे १९४२-४३, मराठवाडा मुक्त व्हायच्या पाचेक वर्षं आधीचं. त्या दिवसापासून भांडी मोडीत द्यायचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही.

प्लॅस्टिकच्या घागरी मी टाकणारच होते. पण एकीवर लाल ऑइलपेंटनं आमचं आडनाव होतं. २०१६ चा उन्हाळा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. टँकरच्या रांगेत घागरींची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकानं नावं टाकली होती. आमची लेकानं टाकली होती, पहिलीत होता तेव्हा, वेलांटी उलट्या बाजूला. हीही वहीत नोंदवली, पितळेच्या शेजारी.

वहीत १४३ नोंदी झाल्या. नऊ भांडी आमची नव्हतीच. लग्नकार्यात गल्लीभरची भांडी एकत्र येतात, नावं घालायची ती त्याचसाठी, तरी काही राहतातच. सात घरं सापडली. तीन गल्ल्या पलीकडे एक मोठी परात द्यायला गेले, तर म्हाताऱ्या काकूंनी ती उलटी करून आपल्या यजमानांचं नाव बोटानं चाचपलं. यजमान जाऊन वीस वर्षं झाली होती. मी निघताना आत्याबाईंनी बजावलं होतं, “रिकामी देऊ नको ग.” म्हणून परातीत शेरभर ज्वारी नेली होती. काकूंनी ज्वारी काढून घेतली आणि परातीत पुन्हा गूळ घालून ती माझ्याच हातात दिली. परात रिकामी परत पाठवायची नाही म्हणाल्या. शेवटी गूळ पदरात बांधून परात तिथंच ठेवून आले.

दोन भांड्यांची माणसं अजून सापडलेली नाहीत. एक पळी आणि एक गुंडी. गुंडीवर फक्त ‘रेणापूर’ एवढंच वाचता येतं, पुढची टिंबं झिजली आहेत. ती नव्या ओट्यावर समोरच ठेवली आहे. रेणापूरकडचं कुणी घरी आलं की चहाआधी त्यांच्या हातात गुंडी आणि बॅटरी देते.