लॉनखाली पुरलेला पाणथळ

न्यू जर्सीत घरामागे रान असेल आणि तिथे स्विमिंग पूल बांधायचा असेल, तर आधी पाणथळ जमिनीची हद्द आखून घ्यावी लागते. ते माझं काम. १९८७ सालच्या राज्याच्या कायद्यानं पाणथळ जागेला संरक्षण आहेच, शिवाय साधारण दर्जाची सोडली तर बाकीच्या पाणथळीभोवती तिच्या दर्जाप्रमाणे ५० किंवा १५० फुटांचा पट्टाही राखावा लागतो.

लाल मेपल दिसला की आम्ही हद्दीच्या फिती बांधत सुटतो, असा लोकांचा समज आहे. पण हे झाड दलदलीत जितकं खुशाल वाढतं, तितकंच कोरड्या टेकाडावर आणि रस्त्याच्या कडेलाही. त्यामुळे एकट्या त्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. माती आणि पाणीही तपासावं लागतं.

त्या दिवशीचे घरमालक निवृत्त मराठी काका होते. नातवंडांसाठी पूल हवा होता. ऑगस्टमधलं लॉन पायाखाली टणक लागत होतं. मागच्या दलदलीतले मेपल उंचवट्यांवर उभे होते, मुळं जमिनीवरच पसरलेली. लॉनच्या कडेचे मेपल मात्र विजेच्या खांबासारखे सरळ मातीत घुसलेले. बुंध्याचा घेर खाली रुंदावलेला दिसेना, शेंडे वाळलेले. बुंधा असा दिसला की वरून माती टाकल्याची शंका घ्यायचीच.

मातीचा नमुना काढायचा गिरमिटासारखा ऑगर फिरवला. सव्वा फूट पिवळट माती, त्यात विटांचे तुकडे. मग हाताला एकदम मऊ लागलं: काळा थर, अर्धवट कुजलेली पानं. त्याखाली राखाडी चिकणमाती आणि तिच्यात गंजाच्या रेघा. पाणी साचून हवा कोंडली की मातीतलं लोह विरघळून निघून जातं आणि ती राखाडी पडते. मुळांवाटे हवा पोचते तिथे गंज धरतो. मातीचे रंग ओळखायच्या मन्सेलच्या रंगपुस्तकाशी ढेकूळ ताडून पाहिलं: १० वायआर ४/१, म्हणजे गडद राखाडी. शंकेला जागाच नव्हती. कोणीतरी पाणथळावर भराव घालून लॉन केलं होतं.

"अगं, मी घर घेतलं तेव्हाही इथे लॉनच होतं," काका म्हणाले. ते खरं बोलत होते. पूल बांधणारा ठेकेदार मला हळूच म्हणाला, "फूटभरच खणा की." म्हणजे खालचा काळा थर दिसायलाच नको. मला संताप आला. ही माणसं गिऱ्हाइकालाच खड्ड्यात घालतात. मी फोटोंसकट सगळं अहवालात लिहिलं.

तरी मन स्वस्थ नाही. भराव घालणारा मोकळा सुटला आणि तो निस्तरायचं काकांच्या गळ्यात आलं. घर घेताना छप्पर, बॉयलर, वाळवी सगळं तपासतात; मागची माती कोणी तपासत नाही. रानालगतच्या घरासाठी ती तपासणी सक्तीची हवी, असं माझं ठाम मत आहे.

परवा काकांनी फोनवर विचारलं, "भराव काढला तर झाडं जगतील का गं?" शेंडे फार वाळलेत ती बहुधा जातील, मी सांगितलं. पण लाल मेपल कापल्यावर बुंध्यातून जोमानं फुटतो, तेव्हा सरसकट खोडं उपटून टाकू देऊ नका.