शहापूर-मुरबाडमध्ये बोअर कुठे मारायची?

ठाणे जिल्ह्यात पाऊस धो धो पडतो, तरी शहापूर-मुरबाडचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत आणि मुरमाच्या थरात. म्हणून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएम उंचीनकाशा (अवकाशयानातून रडारने मोजलेला, दर ३० मीटरला उंची देणारा) उघडा, त्यावरून उतार आणि ओढ्यांचं जाळं काढा. उतार ५ अंशांखाली, ओढे विरळ आणि जवळून भेगरेषा (खडकातल्या भेगांची लांब, सरळ ओळ) जाते, ती जागा आधी बघा.

खरी फसगत भेगरेषेत होते. उपग्रहचित्रात रस्ता, विजेची लाईन, डाइक (खडकाच्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाची भिंत), सगळंच सरळ दिसतं आणि भेगरेषा वाटतं. घट्ट डाइक तर पाणी अडवतो. बोअर त्याच्या चढाकडच्या अंगाला हवी. मे महिन्यात आसपासच्या विहिरींची पातळी मोजा, आणि रेझिस्टिव्हिटी चाचणीशिवाय (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखायची चाचणी) मशीन अजिबात बोलावू नका.